लहानाचे मोठे, मोठ्याचे लहान

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच बेळगावकडील आमच्या परिचयाचे दोन सख्खे भाऊ वाट अडवून उभे राहिले. थोरल्यांच्या हाती एक कागद, धाकट्यांच्या हाती दुसरा; आणि सकाळपासून ते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत, हे दोघांच्या मुद्रेवरून उघड दिसत होते. वडील देवाघरी गेल्याला वर्ष लोटले होते. शेताची वाटणी करावयाची होती. उताऱ्यावर क्षेत्र 8 एकर लिहिलेले. पण थोरल्यांनी गावनकाशाच्या आपल्याजवळील प्रतीवर पट्टी धरून हिशेब केला, तो शेत भरले अवघे 4 एकर आणि वर दोनेक गुंठे!

“अहो, अर्धे रान गेले कुठे?” थोरले आम्हांला विचारीत होते, परंतु प्रश्नाचा रोख आमच्याकडे नव्हता. कचेरीची सारी कामे धाकटे पाहत असत. तेवढ्यावरून थोरल्यांच्या मनात नको तो संशय शिरला होता.

“दादा, मी मोजले तर पुरे 8 एकर भरते. तुमची पट्टीच खोटी असेल,” धाकटे म्हणाले.

आम्ही दोन्ही कागद घेऊन पाहिले. दोहोंवर तेच शेत, तेच बांध, तीच विहीर, तोच ओढा. दोहोंच्या तळाशी एकच मजकूर: 1 इंच बरोबर 660 फूट. आम्ही आमची पट्टी लावून पाहिली. दोघांचेही माप बिनचूक होते. दोघांचा गुणाकारही बरोबर होता. मग चूक कोठे झाली? ती सांगण्यापूर्वी वाचकांस थोड्या भूमितीतून नेणे भाग आहे. भूमितीचे नाव काढताच पान उलटू नये. जे सांगावयाचे आहे ते आपण सर्वांनी लहानपणी भिंतीवर पाहिलेलेच आहे.

रात्री वीज गेली म्हणजे घरात मेणबत्ती लावतात, आणि मुले भिंतीवर बोटांचे ससे व हरणे नाचवू लागतात. त्या खेळात आजचा सारा विषय आला. पुठ्ठ्याचा एक लहानसा त्रिकोण कापून तो ज्योतीपासून 1 फुटावर धरा, आणि भिंत ज्योतीपासून 3 फुटांवर असू द्या. पुठ्ठा भिंतीला समांतर राहिला, तर भिंतीवरच्या सावलीची प्रत्येक बाजू मूळ त्रिकोणाच्या तिप्पट भरते. कारण अगदी साधे आहे. ज्योतीपासून निघालेला किरण त्रिकोणाच्या टोकाला स्पर्शून सरळ पुढे जातो. 1 फुटावर दोन किरणांत जेवढे अंतर पडले असेल, त्याच्या तिप्पट अंतर 3 फुटांवर पडते.

या क्रियेला आपण विस्तारण म्हणू. तिला दोनच गोष्टी लागतात: एक केंद्र आणि एक पट. येथे ज्योत हे केंद्र आणि 3 ही पट. आकृतीतील प्रत्येक बिंदू केंद्रापासून सरळ रेषेत त्याच पटीने दूर सरकतो. जागचा न हलणारा बिंदू एकच, तो म्हणजे केंद्र. पट एकाहून कमी असली, तर आकृती मोठी न होता लहान होते, परंतु नियम तोच. बाजू वाढतात वा घटतात. कोन मात्र बदलत नाहीत. काटकोन होता तेथे काटकोनच राहतो, समांतर बांध समांतरच राहतात. म्हणूनच लहान छायाचित्रावरूनही आजोबांचा चेहरा ओळखता येतो. हाच पुठ्ठा तिरपा धरा. सावली एकीकडून लांबुडकी होईल. कारण पट सर्वत्र सारखी राहिली नाही, आणि ती सारखी राहिली नाही की विस्तारण संपले.

ज्यांना कागदावर करून पाहावयाचे असेल, त्यांनी दोन सारखी रबरे घेऊन एकमेकांत गाठ मारावी. एक टोक टाचणीने मेजावर पक्के करावे, दुसऱ्या टोकात पेन्सिल अडकवावी, आणि मधली गाठ चित्राच्या रेषेवरून फिरत राहील अशा बेताने पेन्सिल चालवावी. पेन्सिलीखाली दुप्पट मोठे चित्र उमटते. रबर ते रबरच, तेव्हा रेषा थोड्या थरथरतील. तरी नाताळच्या गोठ्यासाठी पुस्तकातील मेंढरू मोठे करून घ्यावयाचे असेल, तर मुलांना एवढे साधन पुरे.

आता केंद्र हे वस्तू आणि तिचे चित्र यांच्या मध्ये आले तर काय होईल? त्याचे उत्तर कौलारू घरांतून राहणाऱ्यांच्या जमिनीवर रोज पडते. कौलांच्या फटीतून उतरलेला कवडसा सर्वांनी पाहिला आहे. फट वाकडीतिकडी असते, पण दूरवर पडलेला कवडसा मात्र वाटोळा! तो वाटोळा असतो, कारण तो फटीचा आकार नसून खुद्द सूर्याचे चित्र असते. फट हे केंद्र. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण तीतून उतरून चित्राच्या खालच्या बाजूस जातो, उजवीकडचा डावीकडे. म्हणून चित्र उलटे पडते. 26 डिसेंबर 2019 रोजी सूर्यग्रहण झाले, तेव्हा ज्यांनी झाडाखालच्या जमिनीकडे पाहिले असेल, त्यांना पानांच्या फटींतून पडलेले शेकडो कवडसे कोरीसारखे दिसले असतील.

सूर्य पृथ्वीपासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, आणि त्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या सुमारे 108 पट. हाच हिशेब आपल्या घरातही लागू पडतो. फटीपासून कवडशापर्यंतचे अंतर 9 फूट, म्हणजे 108 इंच असले, तर कवडसा सुमारे 1 इंच रुंद पडतो. फटीच्या रुंदीमुळे थोडा अधिक. तिरपा पडून तो लांबट झाला असेल, तर त्याची अरुंद बाजू मोजावी. ज्या पटीने सूर्य लहान होऊन आपल्या सारवलेल्या जमिनीवर उतरतो, त्याच पटीने त्याचे 15 कोटी किलोमीटरही 9 फुटांत उतरलेले असतात.

हा कवडसा एका चर्चमध्ये फार मोठ्या कामी आला, ती हकिकत येथे सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. इटलीत बोलोन्या नगरात सान पेत्रोनिओ नावाचे भव्य चर्च आहे. पुनरुत्थानाचा सण कोणत्या रविवारी यावा हे ठरविण्यासाठी वसंतसंपाताचा, म्हणजे मार्चमध्ये दिवस व रात्र समान होतात त्या क्षणाचा, नेमका हिशेब लागतो. जुने पंचांग त्यात दहा दिवस मागे पडले होते. ते पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 साली सुधारले. हे पोप मूळचे बोलोन्याचेच. संपात नेमका केव्हा होतो हे पाहण्याकरिता त्या चर्चमध्ये छताशी एक छिद्र आणि जमिनीवर दक्षिणोत्तर रेषा अशी योजना होती. पुढे इमारत वाढविताना ती जुनी योजना निरुपयोगी झाली, म्हणून 1655 साली जोव्हानी दोमेनिको कासिनी या ज्योतिर्विदाने नवी आखली. छिद्र जमिनीपासून सुमारे 27 मीटर उंचीवर. रेषेची लांबी सुमारे 67 मीटर. भर दुपारी सूर्याचे बिंब त्या रेषेवरून सरकते. उन्हाळ्यात ते सुमारे फूटभर रुंद असते आणि हिवाळ्यात, सूर्य खाली कलून किरण लांबवर जातात तेव्हा, दोन फुटांहून अधिक.

संपाताचा हिशेब तर झालाच. पण कासिनीने त्याच बिंबाची रुंदी वर्षभर मोजली, आणि ती छिद्रापासूनच्या अंतराने भागून सूर्य आकाशात केवढा दिसतो हे काढले. सूर्य जानेवारीत आकाशातून जुलैपेक्षा थोडा जलद सरकतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. वाद होता तो याचा, की तो जवळ आल्यामुळे जलद भासतो, की गतीच खरोखर वाढते? केवळ जवळ येण्यामुळेच जलद भासत असता, तर गती जेवढ्या प्रमाणात वाढलेली दिसते, तेवढ्याच प्रमाणात बिंबही मोठे व्हावयास हवे होते. कासिनीच्या मोजणीत बिंब त्याच्या निम्म्यानेच वाढलेले आढळले. उरलेला निम्मा भाग खऱ्या गतीचा होता, आणि केप्लरने गणिताने हेच सांगून ठेविले होते. गॅलिलिओवरील 1633 च्या खटल्याला तेव्हा कुठे बावीस वर्षे झाली होती. आणि इकडे एका चर्चच्या फरशीवर कवडसा मोजून केप्लरच्या बाजूने साक्ष निघत होती. ती रेषा आजही तेथे पाहावयास मिळते.

असो. बोलोन्याहून परत फिरून भावांच्या शेताकडे येण्याआधी वाटेत एक नियम समजून घ्यावयाचा आहे. सारा घोटाळा होतो तो याच ठिकाणी.

मेणबत्तीपुढील त्रिकोणाच्या बाजू तिप्पट झाल्या. मग सावलीने भिंतीची किती जागा व्यापली? तिप्पट नव्हे, नऊपट. लांबी तिप्पट आणि रुंदीही तिप्पट, म्हणून 3 गुणिले 3. पट 2 असेल तर क्षेत्र 4 पट. पट अर्धी असेल तर क्षेत्र पाव. आणि वस्तूला जाडी असेल, तर तिसऱ्यांदा गुणावे लागते. दुप्पट उंच, दुप्पट रुंद पातेल्यात दोन पातेल्यांचा नव्हे, आठ पातेल्यांचा भात मावतो. सणाच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेविले, तर लाकडांचा अंदाज सहसा चुकणार नाही.

मिरवणुकीच्या पुतळ्याचेच घ्या. दोन फुटी भरीव पुतळा 12 किलोंचा आहे, दोन मुले तो सहज वाहतात. पुढच्या वर्षी त्याच घडणीचा, त्याच मालाचा चार फुटी करावा असे मंडळी ठरवितात आणि चार मुले पुरतील असे धरून चालतात. रंग चौपट लागेल हे खरे. पण वजन आठपट, म्हणजे 96 किलो होईल. शिवाय तो ज्या पायांवर उभा राहावयाचा, त्यांच्या तळव्यांचे क्षेत्र चौपटच वाढणार. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर पूर्वीच्या दुप्पट भार. राक्षसाची हाडे माणसाच्या हाडांच्या प्रमाणात राहिली, तर ती त्याचाच भार सोसू शकणार नाहीत, हे गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात याच हिशेबाने दाखविले. पोकळ पुतळा करावा, हा आमचा आगाऊ सल्ला.

शिवणकाम करणाऱ्या भगिनी येथे हसतील. लहान मुलीच्या झग्याचा कागदी नमुना सरसकट मोठा केला, तर तो थोरल्या मुलीच्या अंगास बसत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच. मनुष्यदेह वाढतो तो एका पटीने वाढत नाही. जमिनीचा नकाशा मात्र एकाच पटीने लहान केलेला असावा लागतो. नसेल तर तो नकाशाच नव्हे.

आता त्या दोन कागदांकडे वळू. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि तिकडील गावनकाशे त्या जुन्या मोजणीच्या पद्धतीचे आहेत. 33 फुटांची साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. नकाशावर 1 इंच म्हणजे 660 फूट, अर्थात 20 साखळ्या. प्रत्यक्ष जमीन नकाशाच्या 7,920 पट. म्हणून कागदावरच्या एका चौरस इंचात 20 गुणिले 20, म्हणजे 400 गुंठे, अर्थात 10 एकर बसतात. धाकट्यांच्या कागदावर शेत 1 इंच लांब आणि इंचाच्या आठ-दशांश रुंद होते. 660 फूट गुणिले 528 फूट. बरोबर 8 एकर.

थोरल्यांच्या कागदावर तेच शेत लांबीला इंचाच्या शंभर भागांपैकी 71 आणि रुंदीला 57 भरले. हा आकडा पाहताच आमच्या ध्यानी आले. “ही प्रत मोठ्या कागदावरून काढून आणली होती काय?” आम्ही विचारले.

“होय. मोठा कागद फायलीत मावेना, म्हणून दुकानदाराला त्याच्यावरून लहान काढून द्यावयास सांगितले,” थोरले म्हणाले.

झेरॉक्सच्या यंत्रावर 71 टक्के असा एक आकडा ठरलेला असतो. ए-तीन कागदावरील मजकूर ए-चार कागदावर उतरवावयाचा तो याच आकड्याने. हे कागद मोठ्या युक्तीने बेतलेले आहेत. ए-तीन 420 मिलिमीटर लांब आणि 297 रुंद; तो मधोमध कापला की 297 आणि 210 चा ए-चार होतो, आणि दोहोंची ठेवण एकच राहते. कागदाचे क्षेत्र निम्मे झाले, म्हणून बाजू निम्म्या होत नाहीत; त्या 71 टक्क्यांवर येतात, कारण 71 शतांश गुणिले 71 शतांश म्हणजे जवळजवळ अर्धा. उलट ए-चारचा ए-तीन करावयाचा तर 141 टक्के. यंत्राने आपले काम चोख केले होते. शेताचा आकार, कोपरे, बांधांची वळणे, काहीही बिघडले नव्हते. बाजू 71 टक्के झाल्या आणि क्षेत्र निम्मे झाले. फक्त एक गोष्ट यंत्राला समजली नाही. ‘1 इंच बरोबर 660 फूट’ ही अक्षरे त्याने लहान केली; त्या अक्षरांचा अर्थ त्याला बदलता येत नव्हता. त्या लहान कागदावर 1 इंच म्हणजे 660 नव्हे, 933 फूट झाले होते.

नकाशाच्या तळाशी मजकुराजवळ पुष्कळदा एक आखीव रेषाही असते, आणि तिच्यावर साखळ्यांचे वा फुटांचे खुणेचे आकडे असतात. ही रेषा खोटे बोलत नाही, कारण नकाशा लहान होतो तेव्हा तीही त्याच पटीने लहान होते. आम्ही थोरल्यांना त्याच रेषेवर पट्टी धरावयास सांगितली. मूळ कागदावर 660 फुटांची खूण 1 इंचावर होती. त्यांच्या कागदावर ती 71 शतांशांवर होती. ते बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा मोजले.

वाचकांनीही घरातील नकाशाच्या प्रतीवर हीच परीक्षा करावी. हल्ली मोबाईलवर कोणी नकाशाचे छायाचित्र पाठवितो आणि आपण दोन बोटांनी ते हवे तेवढे ताणतो. हेही विस्तारणच, परंतु त्याच्यावर पट्टी धरण्यात काही अर्थ नाही. छायाचित्र तिरपे काढलेले असेल तर मेणबत्तीपुढच्या तिरप्या पुठ्ठ्यासारखीच त्याची गत. तेथे आखीव रेषाही मदतीला येत नाही. आणि प्रत मूळ मापाची असली तरी हद्दीचा तंटा नकाशावर पट्टी धरून सोडवू नये. पेन्सिलीची रेघ इंचाचा पन्नासावा भाग एवढी जाड असली, तर जमिनीवर ती 13 फूट रुंद होते. 13 फुटांत बांधही आला, बांधावरचा आंबाही आला. त्यासाठी मोजणीचा अर्ज करून मोजणीदारालाच शेतावर आणावे लागते.

थोरल्यांनी आमच्याकडून लाल शाईचे पेन मागून घेतले. आपल्या प्रतीवरील तो मजकूर खोडून त्यांनी वर लिहिले: ‘लहान केलेली प्रत. 1 इंच बरोबर 933 फूट.’ मग कागदाची घडी धाकट्यांच्या हाती देऊन ते म्हणाले, “तूच ठेव. फायल तुझ्याकडेच असते.” धाकट्यांनी मुकाट्याने ती घेतली, आणि दोघे एकाच सायकलवरून गावाकडे निघाले. विहिरीच्या पाळीचा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. परंतु त्यासाठी ते आमच्याकडे आले नव्हते.